हाइड पार्क कॉर्नरची दगडी तोफ आणि आमच्या गावचा फायबरचा जवान

रेघोट्या (सातारा)

आमच्या मूळ गावी शहीद स्मारक बांधायचं चाललंय. कोरेगाव तालुक्यातलं गाव, नाव मुद्दाम देत नाही, भाऊबंद इथेही वाचतात. जागा ठरली, एसटी थांब्यामागचा पार. वर्गणी बऱ्यापैकी जमली. एका मूर्तीवाल्याचं कोटेशनही आलं: सहा फुटी जवान, फायबरचा, सोनेरी रंगात, हातात बंदूक, दोन पोझमध्ये उपलब्ध. त्याच्या कॅटलॉगात त्याच पानावर खाली बागेत ठेवायची हरणं आणि एक डायनासोर आहे. मंडळींचं म्हणणं, मास्तर, तुम्ही चित्रकलेचे, पोझ तुम्ही निवडा.

पोझ निवडण्याआधी एका स्मारकाबद्दल लिहितो. लेकीकडे लंडनला गेलो असताना पाहिलं आणि नंतर मिळेल तेवढं वाचलं. वाचकांनी शांतपणे वाचावं आणि मग मला शिव्या घालाव्यात.

हाइड पार्क कॉर्नर हा आपल्या साताऱ्याच्या पोवई नाक्याच्या कितीतरी पट गर्दीचा चौक. मध्ये हिरवळीचं बेट आहे, त्यावर वेलिंग्टनची कमान. त्याच बेटावर ब्रिटिश तोफखान्याचं, म्हणजे रॉयल रेजिमेंट ऑफ आर्टिलरीचं, पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. १८ ऑक्टोबर १९२५ ला अनावरण झालं. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर, वास्तुरचनाकार लायोनेल पिअर्सन.

लांबून आधी दिसते ती तोफ. अख्खी दगडात कोरलेली. ९.२ इंची हॉवित्झर, म्हणजे आखूड, जाड नळीची तोफ, खरी असते त्याहून साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठी, फिकट पोर्टलंड दगडात, उंच चौथऱ्यावर, तोंड आभाळाकडे. जिथे एरवी देवदूत, विजयदेवता किंवा घोड्यावरचा सेनापती बसवतात तिथे सरळ हत्यार नेऊन ठेवलंय. चौथऱ्याचा आराखडा क्रुसाचा आहे. चार बाजूंना चार हात बाहेर आलेत आणि प्रत्येक हाताच्या टोकाशी ब्राँझचा एकेक माणूस. दक्षिणेला, म्हणजे पुढे, कॅप्टन, हातात ओव्हरकोट धरून उभा. पूर्वेला गोळे वाहणारा. पश्चिमेला ड्रायव्हर, म्हणजे तोफ ओढणाऱ्या घोड्यांचा स्वार. अंगावर जाड केप, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही हात बाजूंना पसरलेले. चौथ्याकडे येतोच.

या तिघांपैकी कुणीही काही 'करत' नाही. ना धावतोय, ना ओरडतोय, ना बोट दाखवतोय. ड्रायव्हर तर नुसता टेकलाय. ते पसरलेले हात पाहून लोकांना क्रूसावरचा येशू आठवतो. मला मात्र आधी दिसला तो थकवा. दिवसभर ओझं वाहिलेला माणूस भिंत मिळाली की जसा टेकतो, तसा. पण प्रत्येकाच्या अंगावरचा पट्टा, बकल, बूट, कापडाची चुणी अशी आहे की शिंप्याने माप घ्यावं. गोळेवाल्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना गोळ्यांसाठी लांब कप्पे लटकलेत आणि त्यांच्या वजनाने खांदा खरोखर खाली ओढला जातोय. वजन दाखवणं हे शिल्पकलेतलं अवघड काम. चेहरा कुणीही रडका करेल, खांदा ओढलेला दाखवणं प्रत्येकाला जमत नाही.

आता उत्तरेचा, म्हणजे मागच्या बाजूचा. तिथे एक मेलेला सैनिक आडवा आहे. अंगावर त्याचाच ओव्हरकोट टाकलेला, छातीवर त्याचं हेल्मेट ठेवलेलं. चेहरा दिसत नाही. खाली शेक्सपिअरची एक ओळ कोरलेली. सार्वजनिक चौकात, वेलिंग्टनच्या कमानीसमोर, प्रेत! समितीतल्या काहींना ते रुचलं नव्हतं, पण जॅगर अडून बसला.

हा जॅगर कोण? शेफील्डकडचा, १८८५ चा जन्म. चौदाव्या वर्षी धातूवर नक्षी कोरायच्या कामाला उमेदवार म्हणून लागला, रात्रीच्या वर्गांत शिकला, पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. १९१४ ला रोमला जाऊन शिकायची मोठी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. शिष्यवृत्ती सोडून सैन्यात गेला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढला, पश्चिम आघाडीवर लढला, जखमी झाला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. म्हणजे बूट कसा चिखलात रुततो हे त्याला मॉडेल बसवून पाहावं लागलं नाही.

स्मारक समितीने आधी लच्यन्सकडून आराखडे मागवले होते. होय, तेच दिल्लीच्या इंडिया गेटवाले. पण तोफखान्याच्या लोकांना पाहताक्षणी 'हा आमचाच' वाटेल असं काही हवं होतं, आणि लच्यन्सची शुद्ध भूमितीची शैली त्यात बसेना. मग जॅगर. निवृत्त तोफचींनी एका शिल्पकाराला 'आमची तोफ नीट दाखव' असं सांगितलं आणि त्याने ती इतकी नीट दाखवली की सभ्य लोकांना त्रास झाला. लॉर्ड कर्झन, आपले बंगालच्या फाळणीवाले, म्हणाले की हा आग ओकायच्या तयारीत बसलेला बेडूक आहे.

तर माझा मुद्दा. स्मारकाचं काम ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती गेलं आणि गिऱ्हाइकालाही नेमकं काय हवं ते माहीत होतं, तर असं काही उभं राहतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंना 'पोझ कुठली' एवढाच प्रश्न आहे. काय करावं?

वाईकर_घाट

सर, वाचनखूण साठवली. फोटो टाका की. पुढील लेखनास शुभेच्छा.

तोफची_माण

मास्तर, नमस्कार. तोफखान्यात उभं आयुष्य गेलं, म्हणून न राहवून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

९.२ हॉवित्झर आम्ही वापरली नाही, ती आमच्या आज्याच्या जमान्यातली. पण तोफखान्यात तिच्याबद्दल ऐकलेलं आहे. एक गोळा २९० पौंडांचा, म्हणजे १३० किलोच्या वर. आमच्या बोफोर्सचा गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास, तो उचलताना पोरांची कंबर बोलायची. हिचा तर हाताने उचलायचा विषयच न्हाय. आणि फायर केल्यावर तोफ उडू नये म्हणून पुढे एक मोठी पेटी असायची, त्यात नऊ टन माती भरायची. फावड्याने! मग पोझिशन बदलायचा हुकूम आला की तीच माती परत उपसायची. लढाई म्हणजे काय, तर निम्मी हमालीच. जॅगरसायबांनी गोळेवाला दाखवला, ड्रायव्हर दाखवला, गोळा डागणारा दाखवला न्हाय, हे मला लय पटलं. लोकांना वाटतं तोफखाना म्हंजे बटण दाबणारा.

त्या गोळेवाल्याच्या कप्प्यात जे गोळे आहेत ते १८ पौंडी तोफेचे असणार, मोठ्या तोफेचे न्हाईत. नुसता एक गोळा आठ किलोच्या वर. दोन्हीकडे भरले की चिखलातून चालून दाखवा.

अजून एक. लंडनला गेलेला आमचा एक दोस्त सांगत होता की ती तोफ अशा कोनात रोखलीय की गोळा सुटला तर थेट फ्रान्सच्या सोमच्या रणांगणावर पडेल. तिथले गाईडही तसंच सांगतात म्हणे. अहो, त्या तोफेची मार दहा किलोमीटरच्या आत. सोम तिथून दोनशेच्या वर. साताऱ्यातून डागली तर जिल्ह्याबाहेरही जायची न्हाय!

सडेतोड

मला एक कळत नाही. ज्यांच्या तोफांनी १८५७ ला आपल्या माणसांना तोफेच्या तोंडी दिलं, त्यांच्या तोफेचं कौतुक सातारकरांनी का करायचं? प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवणारे हेच. लंडनच्या चौकात तोफ 'प्रामाणिकपणे' दाखवली म्हणजे काय उपकार केले?

रेघोट्या (सातारा)

सडेतोड, रास्त प्रश्न. साम्राज्याचं कौतुक या धाग्यात कुठे नाही. कौतुक कारागिरीचं आणि एका अटीचं: हत्यार दाखवायचं तर त्याने काय होतं तेही त्याच दगडाला लावून दाखवायचं. वर तोफ, खाली प्रेत. बरीच स्मारकं यातलं एकच दाखवतात.

उलट उदाहरण त्याच चौकात आहे. थोड्या अंतरावर मशीनगन दलाचं स्मारक आहे, तेही १९२५ चं. शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वूड. त्यावर एक सुंदर, नग्न, तरणाबांड डेव्हिड, बायबलातला, उभा आहे, हातात मोठी तलवार, दोन्ही बाजूंना लॉरेलच्या पानांच्या माळा घातलेल्या मशीनगन. खाली बायबलचं वचन, शौलाने हजारो मारले, पण डेव्हिडने दहा-दहा हजार. जगातल्या सर्वांत मारक हत्यारांपैकी एकाचं स्मारक, आणि पाहणाऱ्याला वाटावं ऑलिम्पिकचं आहे. काम वाईट नाही, शरीर फार छान घडवलंय. पण त्या दलातल्या माणसाचं काय झालं ते कळत नाही. दोन्ही एकाच दुपारी पाहिलीत तर जॅगरचं मोठेपण सांगावं लागत नाही.

आणि जॅगरचं साम्राज्याशी नातं होतंच, ते लपवत नाही. नवी दिल्लीत त्याने बरंच काम केलं. इंडिया गेटच्या मागच्या छत्रीत पंचम जॉर्जचा जो भला मोठा पुतळा होता, तो त्याचाच. जॅगर १९३४ मध्ये गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. पुतळा नंतर पुरा होऊन बसला. १९६८ ला तो तिथून हलवला, आता कोरोनेशन पार्कात आहे. छत्री बरीच वर्षं रिकामी होती, २०२२ पासून तिथे नेताजी आहेत. माझं मत विचाराल तर पंचम जॉर्ज हे जॅगरचं दुय्यम काम. झग्याच्या घोळात माणूस हरवलाय. झगा घातलेला राजा आणि ओव्हरकोटाखालचा शिपाई एकाच हाताचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

वीरगळ_शोधक (कराड)

मास्तर, धागा उत्तम, पण लंडनपर्यंत जाण्याआधी किकलीला जाऊन या. वाई तालुक्यात, चंदन-वंदनच्या पायथ्याकडे. तिथल्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळांची रांगच आहे. आपल्याकडे युद्धस्मारकाची परंपरा नव्हती असं कुणी म्हणालं की मी तिथले फोटो दाखवतो.

वीरगळाची मांडणी बहुतेकांना माहीत असेल, तरी लिहितो. दगड उभा, कप्प्याकप्प्यांचा, वाचायचा खालून वर. तळाच्या कप्प्यात वीर मरून पडलेला, कधी त्याच्या बाजूला गाई, म्हणजे गोधन वाचवताना गेला. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर कलश, सूर्य-चंद्र. आकाशात चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहील.

तर प्रेत आपल्यालाही नवं नाही! आपल्या पाथरवटांनी ते नऊशे-हजार वर्षांपूर्वी गावाच्या देवळासमोर मांडलंय. फरक एवढाच की आपल्याकडे तो तळाचा कप्पा आहे, त्याच्या वर तीन मजले आहेत. जॅगरच्या सैनिकाला वरचे मजले नाहीत. तिथे वर तोफ आहे.

आणि अजून एक साम्य. आपल्या भागातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. गाव ओळखत होतं, म्हणून कोरायची गरज वाटली नसेल. आता कोण होता ते कुणालाच सांगता येत नाही. लोक शेंदूर लावतात आणि पुढे जातात.

कृष्णाकाठची

नावावरून आठवलं. माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, अंत झाला, एवढंच घरात माहीत. 'बसऱ्याला गेला' असं आजी म्हणायची. आपल्या भागातून मराठा पलटणींमधून कितीतरी गेले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. नंतर कैदेत उपासमार आणि आजाराने किती गेले त्याचा हिशोब वेगळा.

बसऱ्याला त्यांचं स्मारक आहे. १९२९ चं, वास्तुकार एडवर्ड वॉरेन, चाळीस हजारांवर मृतांसाठी. भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. पण हिंदी शिपायांचा नुसता आकडा: अमुक पलटण, आणि इतर इतके सैनिक. १९९७ मध्ये सद्दामने ते सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन बसवलं. म्हणजे आमचे थोरले आजोबा आधी आकडा झाले आणि मग त्या आकड्याचंही स्थलांतर झालं.

मास्तर, तुमच्या त्या तोफेच्या स्मारकावर नावं आहेत का?

रेघोट्या (सातारा)

ताई, नाहीत. तिथेही आकडाच, पण अक्षरांत लिहिलेला: एकोणपन्नास हजार शहात्तर. ४९,०७६ नावं कोरायला भिंत किती लागेल याचा विचार करा. नावांचं स्वतंत्र पुस्तक केलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये आणखी २९,९२४ जणांसाठी ब्राँझचे पट्टे जोडले. पण तिथे सगळेच आकड्यात आहेत, कॅप्टनपासून ड्रायव्हरपर्यंत. बसऱ्याला कुणाचं नाव आणि कुणाचा आकडा हे कातडीवर आणि हुद्द्यावर ठरलं. दोन्हींत आकडा असला तरी गोष्ट एक नाही.

जॅगरने हिंदी सैनिकांसाठीही काम केलं होतं. सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट तौफिकला हिंदी सैन्याचं स्मारक १९२६ मध्ये झालं, त्यावरचे दोन वाघ त्याचे. नंतरच्या इजिप्त-इस्रायल लढायांत ते स्मारक उद्ध्वस्त झालं.

ओतारी_सांगली

मी शिल्पकार, ब्राँझ ओततो, दगडही करतो. तांत्रिक बाजू थोडी सांगतो, कारण 'दगडी तोफ' हे वाचायला सोपं आहे.

तोफ ही लोखंडाची वस्तू. लोखंड पातळ असलं तरी टिकतं: कड्या, दांडे, चाकं, हँडल. दगडात तसं केलं की पहिल्याच हिवाळ्यात तुकडा पडतो. त्यामुळे दगडात यंत्र कोरताना काय ठेवायचं आणि काय वगळायचं हाच मुख्य निर्णय. जॅगरने हॉवित्झर निवडली, लांब नळीची तोफ नाही. हॉवित्झरची नळी आखूड आणि जाड, बैठक रुंद, मांडणी मुळातच ढिगाऱ्यासारखी. ती दगडाला मानवते. कर्झनसाहेबांना जो बेडूक दिसला तो दगडाच्या दृष्टीने अगदी शहाणा आकार आहे. लांब नळीची तोफ दगडात केली असती तर खाली टेकू द्यावा लागला असता आणि मग हसं झालं असतं.

माणसं मात्र त्याने ब्राँझमध्ये केली. दुसऱ्या कुणी तोफ ब्राँझची आणि माणसं दगडाची केली असती, कारण खरी तोफ धातूचीच. त्याने उलटं केलं. त्यामुळे तोफ इमारतीचा भाग झाली, फिकट, स्थिर. माणसं तिच्यापुढे काळी, तुटक, एकेकटी उभी राहिली. शिवाय पट्टे, बकल, कोटाची घडी हे तपशील ब्राँझमध्येच धारदार राहतात. बर्टनच्या भट्टीत ओतलेलं काम आहे ते, त्या काळातली लंडनजवळची नावाजलेली भट्टी.

चौथऱ्याच्या बाजूंना उठावाची, म्हणजे सपाट दगडातून थोडी वर आलेली, शिल्पंही आहेत, दगडातच. एका बाजूला जड तोफखाना, दुसऱ्या बाजूला घोडदळी तोफखाना. मास्तर त्यांच्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मला ते उठाव पुतळ्यांपेक्षा जास्त आवडतात. खोली फार थोडी, आकृती दाटीवाटीच्या, कडा ताठ. ब्रिटिश म्युझियममधले प्राचीन इराकातले असिरियन उठाव त्याने नीट पाहिले होते हे लगेच कळतं. तिकडे राजा सिंह मारतो, इकडे माणसं तोफ ओढतात.

पोर्टलंड हा चुनखडीचा दगड, खाणीतून निघाल्यावर मऊ, मग हवेत कडक होतो. पाऊस लागतो तो भाग पांढरा राहतो आणि आडोशाचा भाग काळा पडतो. त्यामुळे अशा दगडाच्या उठावाला कालांतराने आपोआप सावली मिळते. आपला साताऱ्या-सांगलीचा काळा पाषाण असं काही करत नाही. तो काळाच राहतो, उन्हात सगळं एकजीव दिसतं, म्हणून आपल्या जुन्या कारागिरांनी वीरगळात खोल कोरलं. उथळ कोरलं तर दुपारी काही दिसतच नाही.

फायबरबद्दल: स्वस्त आहे, हलकं आहे, वाईट नाही. पण वरचा थर उन्हाने भुरभुरतो, सोनेरी रंग काही पावसाळ्यांत हिरवट होतो आणि मग दर स्वातंत्र्यदिनाआधी कुणीतरी ऑइलपेंटचा हात मारतो. तीन-चार हात झाले की नाक-डोळे बुजतात. असे जवान मी बरेच पाहिलेत.

पारावरचा_पंटर

ब्राँझला किती लागतील आणि फायबरला किती, तेवढं सांगा की सरळ. गावाकडं वर्गणी काढून बघा एकदा. निम्मे लोक नाव कोरणार असाल तरच देतात, शहिदाचं न्हाय, स्वतःचं!

ओतारी_सांगली

पंटर, आकडा इथे टाकत नाही, कच्च्या मालाचा भाव रोज हलतो. पण पुतळाच हवा असं कुणी सांगितलं?

वहिनी_खटाव

मी इथे सहसा लिहीत नाही. आमच्या घरातलं माणूस एका गावच्या अशाच स्मारकावर आहे. माझे दीर. म्हणून दोन शब्द.

मास्तर, तुम्ही त्या झाकलेल्या सैनिकाचं फार छान लिहिलंय आणि कला म्हणून ते मोठं असेलच. पण लंडनच्या चौकातून जाणाऱ्यांत त्याची आई नसते. आमच्या सासूबाई रोज त्या पारावरून दुधाला जातात. तिथे तसं काही ठेवलं असतं तर त्यांनी वाट बदलली असती. वीरगळाला वरचे मजले का होते ते मला आत्ता कळलं.

आमच्याकडे फायबरचा जवानच बसवलाय. तो माझ्या दिरांसारखा दिसत नाही, कुणासारखाच दिसत नाही. त्याचं मला काही नाही. मला राग याचा आहे की खालच्या फरशीवर त्यांच्या आडनावात चूक आहे आणि हुद्दा नाईक असताना शिपाई लिहिलाय. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं मात्र एकही चुकलेली नाही, आणि ती मोठ्या अक्षरात आहेत. दुरुस्तीसाठी कितीदा सांगितलं, 'ग्रॅनाइट आहे वहिनी, खोडता येत नाही' असं उत्तर मिळालं.

तोफची_माण

वहिनी, नमस्कार. तुमच्या दिरांना सलाम. नाईकाची फीत मिळवायला काय लागतं ते आम्हाला माहीत आहे. हुद्दा चुकवणं ही छोटी चूक न्हाय. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून पत्र मिळतं, त्यात नंबर, हुद्दा, नाव बरोबर असतं. ते लावून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. फरशी खोडता येत नसंल तर बदलता येते.

मास्तर, आता तुमच्या कॅटलॉगच्या जवानाबद्दल. तुम्ही त्याचा फोटो मला व्यक्तिगत संदेशात पाठवलात तो पाहिला. त्याच्या हातात इन्सास दाखवलीय. ती रायफल नव्वदच्या दशकात आली. तुमच्या यादीत १९६५ आणि १९७१ चे जवान आहेत म्हणता. तवा कुणाच्या हातात ३०३, कुणाच्या हातात सात-बासष्ट एसएलआर. हेल्मेटही आत्ताचं. आणि बूट तर कुठल्याच फौजेचे न्हाईत, पीटीचे वाटतात. पट्टा उलट्या बाजूनं लावलाय, असा पट्टा लावून परेडला गेलो असतो तर उस्तादानं ग्राउंडला चकरा मारायला लावल्या असत्या.

लोक म्हणतील कोण बघतंय. जे तिथं सलामी द्यायला येतात ते बघतात.

सडेतोड

हे मान्य. पट्टा उलटा असेल तर मीही मास्तरांच्या बाजूने.

रेघोट्या (सातारा)

वहिनी, तुमचं वाचून त्या प्रेताचा हट्ट मी धरणार नाही. तो जॅगरने हजारोंसाठी केला होता, एका पारावरच्या पाच घरांसाठी नव्हे. त्याचंच दुसरं काम सांगतो: पॅडिंग्टन रेल्वे स्टेशनवर १९२२ चं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कामगारांचं स्मारक. फलाटावर शिपाई उभा आहे, गळ्यात मफलर, खांद्यावर कोट टाकलेला, आणि घरचं पत्र वाचतोय. बंदूक नाही, जखम नाही. भोवती गाडी पकडणाऱ्यांची धावपळ. ज्या रेल्वेची ही माणसं, तिच्याच फलाटावर. जागेचं भान असलेला शिल्पकार एका ठिकाणी तोफ ठेवतो आणि दुसऱ्या ठिकाणी पत्र.

आमच्या बैठकीत काल एवढं पदरात पडलं: फायबरच्या जवानाची ऑर्डर थांबवली. एकजण रुसला, पण थांबवली. ओतारींच्या प्रश्नाने घोळ सुटला, पुतळाच हवा असं नाही. पारावर काळ्या पाषाणाचा एकच उभा दगड, वीरगळाच्या मापाचा, तीन कप्पे. खाली पाच नावं, मधला कप्पा रिकामा की काही उठाव यावर अजून वाद आहे, आणि वर सूर्य-चंद्र. देणगीदारांची यादी पाराच्या मागच्या बाजूला, पंटरच्या समाधानासाठी. उद्घाटकाचं नाव कुठेच नाही, यावर मात्र बैठक साडेअकरापर्यंत चालली.

वीरगळ_शोधक (कराड)

मधल्या कप्प्यात ढाल-तलवार घालू नका हो. १९७१ च्या माणसाच्या हातात तलवार म्हणजे तोच उलटा पट्टा.

कृष्णाकाठची

मधल्या कप्प्यात तुमच्या गावाची ओळख असू द्या. पाचही जण जिथून निघाले ती. गावाला ओढा, टेकडी, देऊळ काहीतरी असेलच.

ओतारी_सांगली

कृष्णाकाठच्या ताईंना अनुमोदन.

अक्षरांबद्दल शेवटचं, कारण पाषाणावर पुन्हा संधी नसते. नावाचं अक्षर इंचाच्या खाली नको, नाहीतर पारावर बसलेल्याला वाचता येत नाही. अक्षराचा छेद आत निमुळता घ्या, म्हणजे एका कडेला नेहमी सावली राहते आणि रंग भरावा लागत नाही. भरलेला रंग दोन वर्षांत निघतो. सगळी शिरोरेघ सलग ओढू नका. काळ्या पाषाणात बारीक छिद्रं असतात, लांब सरळ रेघेत एखादं छिद्र लागलं की कड फुटते. दर अक्षराची रेघ सुटी ठेवा, जुन्या शिलालेखांत पाहा. अनुस्वार आणि मात्रा मोठ्या घ्या, त्यात धूळ बसून त्या दिसेनाशा होतात आणि मग शिंदेचा शिदे होतो.

आणि दगडाला हात लावण्याआधी पाचही घरांत जाऊन कागदावर नाव, हुद्दा, पलटण लिहून घ्या, खाली घरच्यांची सही. रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राशी ताडून पाहा. पाथरवटाला तोंडी सांगू नका, फोनवर तर नकोच. कागदाची खऱ्या मापाची पट्टी करून दगडावर चिकटवा, त्यावरूनच त्याने कोरावं. ती पट्टी मी करून देतो, पैसे नकोत.

वहिनी_खटाव

ओतारी दादा, आमच्या ग्रॅनाइटच्या फरशीवर दुसरी पातळ फरशी बसवता येईल का? माप १८ बाय २४ इंच आहे.

ओतारी_सांगली

येईल, पण चिकटवून नको, उन्हात सुटते. चार कोपऱ्यांना स्टीलचे स्क्रू घेऊन बसवावी लागेल. मागच्या भिंतीची जाडी किती आहे ते मोजून कळवा, आणि एक फोटो पाठवा.